निपाहच्या विलगीकरण कक्षात ड्यूटी लागली आहे आणि भीती वाटते

सिस्टर, तुम्ही मूळच्या सिंधुदुर्गातल्या आहात आणि सध्या मंगळूरच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये काम करता. केरळात निपाहचा, म्हणजे वटवाघळांकडून माणसात येणाऱ्या आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या विषाणूचा, रुग्ण सापडल्याची बातमी आल्यावर तुमच्या रुग्णालयाने विलगीकरण कक्ष तयार केला आणि त्याच्या ड्यूटीच्या यादीत तुमचे नाव लागले. घरी दीड वर्षाचे मूल आहे, ते रात्री अजून अंगावर पिते, आणि सासूबाईंना मधुमेह आहे. मरणाची भीती वाटते, पण त्याहून अधिक भीती हा आजार घरी नेण्याची वाटते, असे तुम्ही लिहिले आहे, आणि शेवटी विचारले आहे की ही ड्यूटी नाकारली तर परिचारिका म्हणून आपण कमी पडलो असे होईल का.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या काळज्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मला हा आजार होईल का, ही पहिली. माझ्यामुळे घरच्यांना होईल का, ही दुसरी. आणि माझे रुग्णालय मला खरोखर सांभाळील का, ही तिसरी. ही तिसरी तुम्ही उघड लिहिलेली नाही, पण तुमच्या प्रत्येक वाक्यामागे ती आहे असे मला वाटते. या तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत, आणि ती एकत्र मिसळली की भीतीला आकार राहत नाही, मग ती सगळीकडूनच वाटू लागते. म्हणून मी त्या सुट्या करून लिहिते.

आधी माझ्याविषयी थोडे, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचे ते तुम्हाला ठरवता येईल. मी पुण्यात आधी आयसीयूमध्ये आणि पुढे बरीच वर्षे संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम केले आहे. २००९ चा स्वाइन फ्लू आणि २०२० नंतरचा कोविड या दोन्ही वेळी विलगीकरण कक्ष उभे करणे, माणसांना पीपीई (संसर्गापासून बचावाचा गाऊन, मास्क, गॉगल, हातमोजे) घालायला आणि काढायला शिकवणे, कोण कुठे कमी पडते ते दारात उभे राहून पाहणे, हे माझे काम होते. निपाहच्या रुग्णाची सेवा मी स्वतः केलेली नाही. त्याविषयी मी जे लिहिते ते केरळ, पश्चिम बंगालमधले सिलिगुडी आणि बांगलादेश येथील साथींच्या अभ्यासांतून आलेले आहे. कक्षातल्या कामाविषयी जे लिहिते ते माझ्या हातचे आहे.

तुमची भीती अवाजवी नाही, हे पहिल्यांदा स्पष्ट सांगते. २०१८ च्या मे महिन्यात कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत जी साथ झाली, तिच्यात खात्रीचे आणि संभाव्य मिळून २३ रुग्ण होते आणि त्यांपैकी फक्त दोघे वाचले. वाचलेल्यांत एक नर्सिंगची विद्यार्थिनी होती. पेराम्ब्रा येथील तालुका रुग्णालयातल्या परिचारिका लिनी पुथुशेरी २१ मे रोजी गेल्या, त्यांच्या मागे दोन लहान मुलगे राहिले. त्याआधी २००१ मध्ये सिलिगुडीत ६६ जणांना हा आजार झाला, ४५ दगावले, आणि लागण झालेल्यांत रुग्णालयातले कर्मचारी आणि रुग्णांना भेटायला आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. त्या वेळी हा निपाह आहे हेही कोणाला ठाऊक नव्हते. ते काही वर्षांनी, जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या तपासणीतून कळले. अशा आजाराच्या कक्षात जाताना छातीत धडधड झाली नाही, असे कोणी म्हणाले तर मी त्या व्यक्तीला कक्षात पाठवताना दोनदा विचार करीन.

मात्र याच आकड्यांकडे थोडे जवळून पाहा. लिनी सिस्टरांनी ज्या रुग्णाची रात्रभर सेवा केली, तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ताप आलेला एक तरुण म्हणून साध्या वॉर्डात दाखल झाला होता. निपाह हा शब्द तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. त्याच कुटुंबातला दुसरा माणूस तशाच लक्षणांनी कोझिकोडच्या एका खासगी रुग्णालयात आला, तिथल्या डॉक्टरांना शंका आली, नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले, आणि निदान पक्के झाले तेव्हा मेची वीस तारीख उजाडली होती. पहिल्या रुग्णाला मधल्या काळात वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सीटी स्कॅनसाठी नेले होते, आणि त्या विभागाच्या बोळात जी माणसे जवळपास होती, त्यांच्यापैकी अनेकांना तिथे लागण झाली. त्यांत त्याचे नातेवाईक नसलेली, दुसऱ्याच रुग्णांसोबत आलेली माणसेही होती.

पुढच्या साथींमध्येही हेच दिसते. २०१९ मध्ये एर्नाकुळम जिल्ह्यात एका तरुण विद्यार्थ्याला निपाह झाला; संशय लवकर आला, काळजी घेतली गेली, तो बरा झाला आणि त्याच्यापासून कोणालाही लागण झाली नाही. २०२१ मध्ये कोझिकोड जिल्ह्यात बारा वर्षांचा मुलगा दगावला, पण त्याच्या संपर्कातले कोणी आजारी पडले नाही. २०२३ मध्ये कोझिकोडला सहा रुग्ण सापडले, त्यांत एक खासगी रुग्णालयातला आरोग्य कर्मचारी होता, आणि त्याची लागणही पहिल्या रुग्णाचे निदान होण्याआधीची होती. त्या सहांपैकी चौघे वाचले, त्यांत हा कर्मचारीही होता.

यातून मी जे शिकले, आणि जे तुम्हाला सांगण्यासाठी हे सगळे लिहिते आहे, ते असे: निपाहने आरोग्य कर्मचाऱ्यांना गाठले आहे ते मुख्यतः नाव माहीत नसताना. ज्या कक्षाच्या दारावर विलगीकरणाची पाटी आहे, जिथे आत जाणाऱ्या प्रत्येकीला आपण कोणासमोर उभ्या आहोत हे ठाऊक आहे, जिथे पीपीई आहे आणि दुसरी नजर आपल्यावर आहे, तो कक्ष नीट चालवला तर रुग्णालयातली सर्वात धोकादायक जागा नाही. धोक्याची जागा कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, आहे, साधा मेडिकल वॉर्ड आहे, स्कॅनबाहेरचा बाक आहे. तुमची भीती तुम्ही आज एका खोलीवर केंद्रित केली आहे. तिचा निम्मा भाग कृपा करून तुमच्या रोजच्या आयसीयूकडे आणि कॅज्युअल्टीकडे वळवा, कारण मंगळूरला उत्तर केरळातून उपचारासाठी येणारे रुग्ण बरेच असतात आणि त्यांच्यापैकी कोणी आपल्या कपाळावर निदान लिहून येत नाही.

तुम्ही सिंधुदुर्गातल्या आहात म्हणून एक तुलना करते. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाने किती घबराट केली ते तुम्ही पाहिले असेल. माकडताप गोचिडीमुळे होतो आणि रुग्णाकडून परिचारिकेकडे जात नाही, म्हणून तिथे जंगलात लाकडे गोळा करायला जाणाऱ्या बाईला जो धोका होता तो वॉर्डातल्या सिस्टरला नव्हता. निपाहचे तसे नाही. पण तो गोवर किंवा कोविडसारखा खोलीभर पसरून पन्नास जणांना गाठणाराही नाही. बांगलादेशातल्या अनेक वर्षांच्या रुग्णांचा अभ्यास सांगतो की बहुतेक रुग्ण दुसऱ्या कोणालाही लागण देत नाहीत. थोडेच रुग्ण देतात, आणि ते बहुधा आजाराच्या शेवटच्या टप्प्यातले, खोकणारे, धाप लागलेले असतात. ज्यांना लागण होते त्यांत दीर्घकाळ जवळ बसून, तोंड पुसून, अंग पुसून सेवा करणारी माणसे, विशेषतः पती किंवा पत्नी, जास्त असतात. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांपासून जी मोठी साथ झाली तिच्यात रुग्णालयांतून प्रसार जवळजवळ दिसलाच नव्हता. केरळात आढळणारा विषाणू मात्र बांगलादेशातल्या विषाणूच्या जवळचा आहे आणि त्यात श्वसनाची लक्षणे अधिक असतात, म्हणून मलेशियाच्या अनुभवावर आपण विसंबायचे नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. विषाणू रुग्णाच्या थुंकीत, घशातल्या स्रावात, लघवीत, रक्तात असतो. आयसीयू सिस्टर म्हणून तुमच्या हातून होणाऱ्या कामांपैकी सर्वात जपून करायची कामे म्हणजे सक्शन (नळीने घशातला स्राव ओढणे), इंट्यूबेशनला (श्वासनलिकेत नळी घालायला) मदत, नेब्युलायझेशन (औषधाची वाफ देणे), तोंडाची स्वच्छता आणि बेशुद्ध, उलटी करणाऱ्या किंवा झटके येणाऱ्या रुग्णाला आवरणे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बंद सक्शन, म्हणजे श्वासाची नळी न उघडता करायचे सक्शन, मिळेल याची आधीच खात्री करून घ्या. नेब्युलायझेशन टाळता येते का ते डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना संकोचू नका. झटके येणाऱ्या रुग्णाकडे एकटीने धावणे हा आपल्या सगळ्यांचा स्वभाव आहे, हात आपोआप पुढे जातात. पण या कक्षात मास्क, गॉगल आणि हातमोजे चढवल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, मग आत मॉनिटर कितीही ओरडत असो. हे ऐकायला कठोर वाटते. ते आधीच ठरवून ठेवले नाही तर त्या क्षणी ठरवता येत नाही.

पीपीईविषयी माझे निरीक्षण असे आहे की घालताना सगळ्या जणी काळजी घेतात आणि काढताना चुकतात. घालताना भीती ताजी असते, आरसा असतो, वेळ असतो. काढताना चार तास घामात गेलेले असतात, गॉगलवर वाफ धरलेली असते, नाकाच्या हाडावर वळ उठलेला असतो, लघवीला जायचे असते, बाहेरून कोणीतरी ड्यूटीचा ताबा घ्यायला हाक मारत असते. मंगळूरच्या दमट हवेत हे सगळे दुप्पट. त्या घाईत हातमोजा घातलेला हात गालाला लागतो, मास्क पुढच्या बाजूने धरून ओढला जातो, गाऊन झटकला जातो. म्हणून काढण्याच्या जागी एक जण केवळ पाहण्यासाठी उभी पाहिजे, आणि तिने प्रत्येक पायरी मोठ्याने सांगायची. आतून आलेलीने स्वतःच्या आठवणीवर विसंबायचे नाही. बाहेरचे हातमोजे, मग गाऊन, आतल्या हातमोज्यांवर हॅण्ड रब, मग फेसशील्ड किंवा गॉगल, आतले हातमोजे, पुन्हा हात स्वच्छ करून शेवटी मास्क, तोही मागच्या पट्ट्यांना धरून आणि खोलीबाहेर आल्यावर, आणि त्यानंतर साबणाने हात. तुमच्या रुग्णालयाचा क्रम यापेक्षा थोडा वेगळा असू शकतो, कारण किटच्या बनावटीवर तो ठरतो. क्रम कोणताही असो, सगळ्यांचा एकच असावा आणि भिंतीवर कन्नड, मल्याळम, इंग्रजी जे वाचता येईल त्या भाषेत लावलेला असावा.

दिलासा देणारी गोष्ट ही की निपाहचा विषाणू बाहेरून चरबीच्या आवरणाचा आहे, आणि असे विषाणू साबणाने, अल्कोहोलच्या हॅण्ड रबने आणि हायपोक्लोराइटच्या द्रावणाने सहज नष्ट होतात. तुमच्या हातांवर तो चिवटपणे चिकटून घरापर्यंत येणारा नाही, हात धुतलेले असतील तर.

एन-९५ मास्क तुमच्या चेहऱ्याला बसतो का, याची फिट टेस्ट कधी झाली आहे का? बहुतेक रुग्णालयांत एकाच मापाचे खोके येते आणि बारीक चेहऱ्याच्या सिस्टरांना तो कडेने उघडा राहतो. फिट टेस्टची सोय नसेल तर निदान दोन-तीन बनावटींचे मास्क मागवून घ्या, आणि दर वेळी घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोराने श्वास सोडून कडांतून हवा जाते का ते पाहा. दागिन्यांचा विषय अनेकींना अवघड जातो. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी, चमकी, घड्याळ हे सगळे ड्यूटीपूर्वी काढून घरी ठेवावे. मंगळसूत्राविषयी घरी नाराजी होईल असे वाटत असेल तर आधीच बोलून ठेवा. कोविडच्या काळात माझ्या सोबतच्या कित्येकींच्या सासवांनी स्वतः ते उतरवून देवघरात ठेवले. मोबाइल कक्षात नेऊ नका. कक्षातून बाहेर बोलण्यासाठी वेगळा फोन किंवा इंटरकॉम असावा.

एक सूचना वेळेविषयी. पहिल्या आठवड्यात चुका कमी होतात, कारण सगळ्या घाबरलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भीती ओसरते, हात सरावतात, आणि तेव्हा कोणीतरी गॉगल न लावता 'फक्त ड्रिप बदलून येते' म्हणून आत जाते. स्वाइन फ्लूच्या वेळी मी हे पाहिले, कोविडमध्येही पाहिले. तुमच्या आजच्या भीतीचा उपयोग असा करा की आत्ताच आपल्या जोडीदार सिस्टरशी ठरवा: कोणीही, कितीही घाईत, अपुऱ्या साधनांनी आत निघाली तर दुसरीने तिचा हात धरून थांबवायचे आणि त्याचा राग मानायचा नाही.

कक्षात फक्त परिचारिका नसतात, हेही ध्यानात घ्या. मावशी, वॉर्डबॉय, स्कॅनसाठी रुग्ण नेणारा माणूस, लाँड्रीवाला, शवागारातला कर्मचारी यांना प्रशिक्षणाला बोलावतच नाहीत. माझ्या अनुभवात सर्वात घाबरलेली आणि सर्वात कमी माहिती दिलेली माणसे हीच असतात. तुम्ही प्रशिक्षण मागाल तेव्हा त्यांच्यासाठीही मागा. मावशींनी लघवीची पिशवी चुकीच्या पद्धतीने रिकामी केली तर धोका तुम्हालाही आहे.

आणि कक्षाबाहेर, म्हणजे तुमच्या रोजच्या आयसीयूत: ताप आणि बदललेली शुद्ध, किंवा ताप आणि वेगाने वाढणारी धाप घेऊन कोणी आले की तीन प्रश्न नातेवाइकांना विचारण्याची सवय लावा. गेल्या तीन आठवड्यांत रुग्ण कोझिकोड, मलप्पुरम किंवा जिथून सध्या बातमी आहे त्या भागात होता का? घरात किंवा शेजारी अशाच आजाराने कोणी आजारी पडले किंवा गेले का? अशा कोणाची सेवा करायला किंवा भेटायला रुग्ण रुग्णालयात गेला होता का? एकाच घरातले दोन मेंदूज्वराचे रुग्ण, हीच खूण २०१८ मध्ये कामी आली. तुमच्या भागात मेंदूज्वर म्हणजे बहुधा निपाह नसतो. जपानी मेंदूज्वर, स्क्रब टायफस, डेंग्यू, माकडताप अशी कितीतरी कारणे आधी येतात. पण उत्तर 'हो' आले तर डॉक्टर येऊन ठरवेपर्यंत रुग्णाला मास्क लावून वेगळ्या खोलीत ठेवणे आणि स्वतः पूर्ण साधने घालणे, एवढे करायला कोणाच्या लेखी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

आता घर. तुमची सर्वात मोठी भीती इथे आहे, आणि याविषयी आपल्याकडची माहिती बऱ्यापैकी दिलासा देणारी आहे. लक्षणे सुरू होण्याआधी माणूस इतरांना निपाह देतो असे आजवरच्या साथींत आढळलेले नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ साधारणतः चार ते चौदा दिवसांचा असतो, आणि म्हणून संपर्कातल्या माणसांवर २१ दिवस लक्ष ठेवले जाते. याचा अर्थ, तुम्ही ठणठणीत असताना, साधने नीट वापरून, रुग्णालयातच अंघोळ करून आणि कपडे बदलून घरी आलात तर बाळाला जवळ घेण्यात आणि पाजण्यात त्या दिवशीचा धोका फार थोडा आहे.

मात्र दोन परिस्थिती वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे कक्षात काही बिघडले: हातमोजा फाटून स्राव त्वचेला लागला, डोळ्यांत शिंतोडा उडाला, सुई टोचली, किंवा साधनांशिवाय ज्या रुग्णाची सेवा केली तो नंतर निपाहचा निघाला. अशा वेळी लगेच धुऊन, त्याच पाळीत संसर्ग नियंत्रण अधिकाऱ्यांना कळवून, २१ दिवस घरापासून वेगळे राहणेच योग्य. त्या काळात बाळाला अंगावर पाजणे थांबवावे लागेल. दूध काढून टाकत राहिलात तर ते आटणार नाही आणि नंतर पुन्हा पाजता येईल. दीड वर्षाचे मूल वरचे खाते, त्यामुळे त्याचे पोषण अडणार नाही, रात्रीचे रडणे मात्र घरच्यांना निभवावे लागेल. दुसरी परिस्थिती म्हणजे तुम्हाला ताप, डोकेदुखी, घसा किंवा खोकला सुरू झाला. मग तो साधा सर्दीताप वाटला तरी त्या क्षणापासून वेगळ्या खोलीत, मास्क लावून, आणि घरच्या गाडीने किंवा रिक्षाने न निघता रुग्णालयाला फोन करून त्यांच्या गाडीची वाट पाहायची. कोणता फोन, कोणाला, ते आज कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

घरात वेगळी खोली आणि शक्य असेल तर वेगळे न्हाणीघर नसेल, तर ड्यूटीच्या काळात रुग्णालयाने राहण्याची सोय द्यावी असा आग्रह धरा. सोय मिळत असेल तर घ्यायची की नाही, हे मी ठरवू शकत नाही. कक्षात अजून एकही रुग्ण नसताना बाळापासून दूर राहण्यात काही अर्थ नाही. प्रत्यक्ष रुग्ण दाखल झाला, त्याला धाप आणि खोकला आहे आणि तुम्ही रोज सक्शन करता आहात, तर त्या आठवड्यांपुरते वेगळे राहणे मी पसंत केले असते, मुख्यतः मनाच्या शांतीसाठी. थकलेली, झोप न झालेली आणि प्रत्येक शिंकेला दचकणारी सिस्टर पीपीई काढताना चुकते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, आजार भयानक आहे पण त्याचा प्रसार मर्यादित आणि बऱ्याच अंशी टाळता येणारा आहे. सर्वात जास्त धोका निदानाआधी आहे. कक्षात सर्वात नाजूक वेळ साधने काढण्याची आहे. आणि लक्षणे नसताना घरच्यांना धोका फार कमी आहे. हे सगळे मात्र एका अटीवर उभे आहे, ती म्हणजे रुग्णालयाने आपला वाटा उचलणे. ड्यूटी नाकारण्याचा प्रश्न तिथूनच सुटतो.

काही जणींनी ही ड्यूटी करूच नये, आणि त्यात कमीपणा काही नाही: गर्भवती, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या, दमा किंवा अन्य आजारामुळे एन-९५ लावून तासनतास काम न करता येणाऱ्या. तुम्ही लिहिल्यावरून तुम्ही यांत बसत नाही. अंगावर पिणारे मूल असलेल्या मातांना मी कोविडमध्ये, पर्याय असेल तोवर, अशा यादीत शेवटी ठेवत असे. तशी विनंती तुम्ही मेट्रनना लेखी करू शकता आणि करावी. ती मान्य होणे किती जणी उपलब्ध आहेत यावर अवलंबून आहे.

उरलेल्यांसाठी माझे मत असे आहे. रुग्णाला नाकारणे आणि असुरक्षित परिस्थितीत काम करणे नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या व्यवसायाला धरून नाही. दुसरी आपले कर्तव्य आहे, कारण आजारी पडलेली परिचारिका पुढच्या रुग्णाला, सहकाऱ्यांना आणि घराला धोका होते. म्हणून 'मी जाणार नाही' असे न म्हणता 'या गोष्टी असतील तर मी जाईन' असे लिहून द्या. माझ्या मते त्या गोष्टी अशा: पीपीई घालण्या-काढण्याचा प्रत्यक्ष सराव, रुग्ण येण्याआधी आणि एकदा नव्हे तर हात बसेपर्यंत, काढताना पाहणारी व्यक्ती प्रत्येक पाळीत, कक्षात एका वेळी चार तासांपेक्षा अधिक नाही, एका पाळीत किमान दोघी, अंघोळीची आणि ड्यूटीचे कपडे (स्क्रब) धुण्याची सोय रुग्णालयातच, संपर्क आला तर २१ दिवसांची पगारी रजा, आणि आजारी पडल्यास उपचाराचा सर्व खर्च. विम्याविषयी मुद्दाम विचारा. कोविडच्या काळात केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांना दिलेले ५० लाखांचे संरक्षण कोविडपुरते होते. ते इथे लागू आहे असे समजून चालू नका. नोकरीच्या कराराविषयी कायदेशीर सल्ला मी देऊ शकत नाही, तो तुमच्या परिचारिका संघटनेकडून घ्या. एकटीने पत्र देण्यापेक्षा यादीतल्या सगळ्यांनी मिळून दिले तर व्यवस्थापन ते बंड न समजता तयारी समजते, हा मात्र माझा अनुभव आहे.

औषधांविषयी तुम्ही विचारले नाही, पण ते मनात असणार. निपाहवर मान्यताप्राप्त लस आज बाजारात नाही. खात्रीचे औषधही नाही; रिबाव्हिरिन, रेमडेसिव्हिर यांचा वापर झाला आहे, आणि ऑस्ट्रेलियातून आणलेली प्रतिपिंडे (विषाणूला अडवणारी प्रथिने) केरळात प्रयोगादाखल ठेवलेली असतात. २०२३ मध्ये सहापैकी चौघे वाचले यामागे लवकर निदान आणि वेळेवर आयसीयूची शुश्रूषा होती, असे मी मानते. इतक्या थोड्या रुग्णांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, पण ताप लपवू नये एवढे त्यातून नक्की घ्यावे. घाबरून ताप अंगावर काढणारी सिस्टर ही स्वतःची आणि घराची सर्वात मोठी हानी करते.

शेजाऱ्यांचा मुद्दा तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिला आहे, की घरमालकाला कळले तर तो खोली सोडायला सांगेल. २०१८ मध्ये पेराम्ब्राच्या परिचारिकांशेजारी बसमध्ये कोणी बसत नव्हते, रिक्षा थांबत नव्हत्या, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. तेव्हा त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. २०२० मध्ये साथरोग कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्याला इजा करणे किंवा तिच्या राहण्या-काम करण्यात अडथळा येईल असा छळ करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला, आणि गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. घरमालकाला हा कायदा ऐकवण्याची वेळ येण्याआधी रुग्णालयाच्या पत्रावर, 'या कर्मचारी सर्व खबरदारी घेऊन काम करतात आणि त्यांच्यापासून शेजाऱ्यांना धोका नाही' असे लिहून घ्या. शिक्क्याच्या कागदाचा आपल्याकडे उपयोग होतो.

शेवटचा तुमचा प्रश्न, सासूबाईंना सांगावे की नाही. सांगावे, आणि अर्धवट सांगू नये. लपवले तर त्या टीव्हीवरून जाणून घेतील, आणि टीव्हीवर त्यांना वटवाघळे आणि मृतांचे आकडे दिसतील, तुमचा हॅण्ड रब दिसणार नाही. त्यांना दोन कामे द्या. एक, तुम्हाला ताप आला तर बाळ कोणाकडे आणि कोणत्या खोलीत राहील ते त्यांनी ठरवावे आणि त्याची तयारी आजपासून करावी. बाळाला त्यांच्याजवळ झोपायची सवय या आठवड्यातच लावायला घ्या. दोन, अंगणातल्या झाडाखाली पडलेली, चोच मारलेली किंवा दात लागलेली फळे घरात आणू नयेत आणि बाकीची धुऊन, सोलून द्यावीत. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा पुण्याच्या संस्थेला सापडल्या होत्या, पण महाराष्ट्रात माणसाला हा आजार झालेला नाही. म्हणून झाडे तोडायला किंवा वटवाघळांना दगड मारायला कोणी निघाले तर त्यांना थांबवा, उठवलेली वटवाघळे उलट जास्त ठिकाणी पसरतात. सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवा, म्हणजे तुमच्या ड्यूटीच्या काळात त्यासाठी त्यांना रुग्णालयात यावे लागणार नाही.

प्रशिक्षण झाल्यावर साधने काढण्याचा क्रम तुमच्याकडे कसा ठरला ते कळवा, विशेषतः किट अंगभर एकसंध आहे की गाऊन वेगळा आहे ते. एकसंध किट काढण्याची पद्धत वेगळी आहे आणि त्यात मान आणि चेहऱ्याजवळच्या चेनपाशी सर्वात जास्त चुका होतात. त्याविषयी मग सविस्तर लिहीन.